लिंकनचा पक्ष, काळ्यांची मतं आणि बाबांचा फेरफार

अबोली_अटलांटा

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. कऱ्हाड तालुक्यात तलाठी म्हणून निवृत्त झालेला माणूस, कुठलीही गोष्ट नोंदीपर्यंत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "लिंकन कुठल्या पक्षाचा?" रिपब्लिकन. "गुलामी कोणी उठवली?" लिंकनने. "मग काळी माणसं दुसऱ्याच पक्षाला मतं का देतात?"

नवरा म्हणाला, बाबा, मधल्या काळात पक्षांची अदलाबदल झाली.

"अदलाबदल झाली म्हणजे काय? फेरफार कुठल्या साली झाला ते सांग."

तर त्या फेरफाराची तारीख शोधता शोधता हा धागा. (कृष्णवर्णीय हा शब्द लिहायला बरा आहे, पण घरात तसं कोणी बोलत नाही. दोन्ही वापरते, समजून घ्या.)

यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, 1870 मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मत मिळालं आणि त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला गेला. अर्थात रिपब्लिकन. पुढे 1876 ची अध्यक्षीय निवडणूक वादात अडकली, रिपब्लिकन हेझ 185 विरुद्ध 184 असा एका इलेक्टोरल (राज्यागणिक ठरणाऱ्या) मताने अध्यक्ष झाला आणि 1877 मध्ये दक्षिणेतल्या काळ्या मतदारांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. लिंकनच्याच पक्षाने. त्यानंतर दक्षिणेत डेमोक्रॅट म्हणजे गोऱ्यांचा पक्ष, त्यात आडपडदा नव्हता. मतदान कर, वाचनाची परीक्षा. मिसिसिपीत तर घटनेचं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो बरोबर की चूक हे कचेरीतला नोंदणी अधिकारी ठरवणार. हे ऐकून बाबा हसले. "म्हणजे पेन ज्याच्या हातात, मत त्याच्या हातात." 1964 मध्येसुद्धा मिसिसिपीत मताला पात्र असलेल्या काळ्यांपैकी जेमतेम 7 टक्क्यांची नावं यादीत होती.

उत्तरेत मात्र काळी माणसं मतं देत होती, आणि तिथे पहिली नोंद सापडते. 1932 मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी भाषणात सांगितलं, घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते कर्ज फिटलं. त्या वर्षी फारसं कोणी ऐकलं नाही, बहुतेक काळी मतं रिपब्लिकन हूवरलाच पडली. पण 1936 मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्टला सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळाली. तत्त्वासाठी नाही हो, पोटासाठी. महामंदीत सरकारी कामावर रोज मिळत होता. बरं, त्याच रूझवेल्टच्या 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामवाल्या बाहेर ठेवल्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त काळे कामगार बाहेर. तरी मतं गेली.

बाबांना सगळ्यात आवडली ती 1960 ची गोष्ट. आठ नोव्हेंबरला मतदान. त्याआधी 19 ऑक्टोबरला अटलांटातल्या रिचेस या मोठ्या दुकानातल्या उपाहारगृहात काळ्यांना वाढत नाहीत म्हणून धरणं धरलं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. बाकीचे सुटले. किंग यांच्यावर आधीचा एक किरकोळ वाहतूक गुन्हा होता, राज्य बदलल्यावर लायसन्स बदललं नाही एवढाच. तेवढ्यावर न्यायाधीशाने चार महिने सक्तमजुरी दिली आणि रातोरात बेड्या घालून रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेलं. घरी पत्नी कोरेटा गरोदर. नवरा जिवंत परत येईल का, हाच घोर. डेमोक्रॅट उमेदवार केनेडी तेव्हा शिकागोत होते. मेव्हणे सार्जंट श्रायव्हर यांनी गळ घातली आणि त्यांनी कोरेटांना फोन केला. दोन मिनिटांचं बोलणं, काळजी वाटते एवढंच. पाठोपाठ त्यांच्या धाकट्या भावाने, रॉबर्टने, न्यायाधीशाला फोन लावला, किंग सुटले. रिपब्लिकन उमेदवार निक्सन गप्प राहिले.

गंमत अशी की किंग यांचे वडील निक्सनला मत देणार होते, कारण ते बाप्टिस्ट पाद्री आणि केनेडी कॅथलिक! मुलगा सुटल्यावर त्यांनी जाहीर केलं, माझ्याकडे सुटकेसभर मतं आहेत, ती मी केनेडींच्या पदरात टाकणार. निवडणुकीआधीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चबाहेर निळ्या कागदावर छापलेली पत्रकं वाटली गेली. गोऱ्या वृत्तपत्रांना पत्ताही लागला नाही. देशभरात केनेडी सव्वा लाखापेक्षा कमी मतांनी पुढे राहिले.

मग 1964. डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सनने नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याला विरोध करणारे गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार होते. देशभर आपटले, पण स्वतःचं ॲरिझोना सोडून त्यांनी जी पाच राज्यं जिंकली ती सगळी खोल दक्षिणेतली. त्यात आमचं जॉर्जिया. त्याआधी जॉर्जियाने एकाही अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता. एकाही नाही.

म्हणून मी बाबांना 1964 ही तारीख दिली. त्यांचं समाधान झालेलं नाही. तुम्ही काय सांगाल?

---

पाऊलवाट

फार सुंदर. किंग यांच्या वडिलांचा किस्सा माहीतच नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

नाक्यावरचा_अण्णा

लेख चांगला, पण नेहमीप्रमाणे शेवट ठरलेला. 1964 च्या कायद्याला सिनेटमध्ये 33 पैकी 27 रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. डेमोक्रॅटांचे 67 पैकी 46. टक्केवारी काढा. अडवून धरला तो कोणी? डेमोक्रॅटांनीच. साठ दिवस भाषणं ठोकत बसले होते. कोंडी फुटली ती रिपब्लिकन नेते डर्कसन यांनी मतं गोळा करून दिली म्हणून. आणि आज सगळं पाप आमच्या माथी.

---

तिरफळ

अण्णा "आमच्या" म्हणाले. ग्रीन कार्ड आलं वाटतं. (हलकंच घ्या.)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अबोली_अटलांटा

@नाक्यावरचा_अण्णा, आकडे बरोबर आहेत. बाबा तर खूष झाले तुमच्यावर, म्हणाले हा माणूस कागद बघून बोलतो. पण प्रतिनिधीगृहाचे आकडे पक्षाऐवजी दिशेने लावून बघा. दक्षिणेतले डेमोक्रॅट 94, त्यातले बाजूने 7. दक्षिणेतले रिपब्लिकन 10, बाजूने शून्य. उत्तरेत दोन्ही पक्षांचे बहुसंख्य बाजूने. भांडण पक्षांचं नव्हतंच, प्रदेशाचं होतं. पुढे तो प्रदेशच्या प्रदेश एका पक्षातून उठून दुसऱ्या पक्षात जाऊन बसला.

आणि एका रात्रीत नाही. 1948 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमनने सैन्यातली रंगानुसार विभागणी बंद करायचा आदेश काढला, त्या वर्षी स्ट्रॉम थर्मंडने दक्षिणेतले नाराज डेमोक्रॅट घेऊन वेगळी चूल मांडली आणि चार राज्यं जिंकली. तोच थर्मंड 1964 मध्ये रिपब्लिकन झाला. 1968 मध्ये काळे-गोरे वेगळेच ठेवा म्हणणारा अलाबामाचा जॉर्ज वॉलेस तिसरा उमेदवार म्हणून उभा राहिला, पाच राज्यं घेऊन गेला, आमचं जॉर्जिया पुन्हा त्यात. म्हणजे 1960 ला केनेडी, 64 ला गोल्डवॉटर, 68 ला वॉलेस. आठ वर्षांत तीन वेगळी दारं.

म्हणून "पक्षांची अदलाबदल झाली" हे नवऱ्याचं वाक्य मला पटत नाही. जागचे हलले ते मतदार. काळे 1936 ते 1964 मध्ये, गोरे दक्षिणी त्यानंतर वीस-तीस वर्षांत हळूहळू.

---

ओसरी

डेट्रॉइटजवळ 1979 पासून आहे. वॉलेसबद्दल एक सांगू का? 1972 च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) आमचं मिशिगन त्याने जिंकलं होतं. दक्षिण नाही, मिशिगन! गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायला बस लावायच्या की नाही यावर इकडे रण पेटलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी मेरीलँडमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या, कमरेखाली लुळा झाला तो. त्याच निवडणुकीत शर्ली चिझम उभी होती, मोठ्या पक्षाची उमेदवारी मागणारी पहिली काळी स्त्री. ती त्याला भेटायला इस्पितळात गेली. तिचेच लोक तिच्यावर चिडले.

आम्ही आलो तेव्हा ऑफिसमधल्या एका भल्या गोऱ्या बाईंनी मला घर कुठे घ्यायचं ते समजावलं. एट माइल रोडच्या (डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द) वर घे, खाली नको. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे तीस वर्षं मी प्रत्येक नव्या मराठी जोडप्याला हेच सांगत आले, शाळा चांगल्या आहेत, एरिया सेफ आहे. काळा हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही हो. काढावा लागलाच नाही.

---

तिरफळ

पॉपकॉर्न बाजूला ठेवला.

ओसरीताई, तुम्ही जे सांगितलंत ते 1981 मध्ये ली ॲटवॉटर नावाच्या माणसाने मुलाखतीत सांगितलं होतं, त्याच्या बाजूने. हा रेगनच्या व्हाइट हाउसमधला निवडणूक-वस्ताद. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 1954 मध्ये सरळ शिवी हासडून मतं मिळायची. 1968 पर्यंत शिवी अंगाशी यायला लागली. मग म्हणायचं शाळेच्या बस, राज्यांचे अधिकार. मग आणखी वर चढून करकपात. ऐकायला सगळं आर्थिक, पण फटका कोणाला जास्त बसणार ते ऐकणाऱ्याला कळतं.

त्यानेच पुढे 1988 मध्ये थोरल्या बुशचा प्रचार चालवला. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून शनिवार-रविवारच्या सुटीवर सोडलेला विली हॉर्टन हा काळा कैदी पळाला आणि त्याने दुसऱ्या राज्यात एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले. गुन्हा खराच होता. सुटीची ती योजना आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरने सुरू केली होती, हेही खरं. पण टीव्हीवर हॉर्टनचा चेहरा आणि शेजारी बुशचा डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर डुकाकिसचं नाव. ती जाहिरात बाहेरच्या एका गटाची होती, बुशच्या माणसांनी काखा वर केल्या. 1991 मध्ये मेंदूच्या गाठीने मरणाच्या दारात असताना ॲटवॉटरने डुकाकिसची माफी मागितली. तोवर बुश अध्यक्ष होऊन दोन वर्षं झाली होती.

---

नाक्यावरचा_अण्णा

माफी मागितली ना? तुमच्या क्लिंटनने मागितली का? जानेवारी 1992, न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी तोंडावर. साहेब प्रचार सोडून आर्कान्सोला परत गेले, कशासाठी? रिकी रे रेक्टर नावाच्या काळ्या कैद्याला मृत्युदंड देताना गव्हर्नर म्हणून राज्यात हजर राहायला. त्याने पोलिसाला मारलं होतं हे खरं, पण नंतर स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेतली होती, मेंदूचा भाग गेला होता. शेवटच्या जेवणातला गोड पदार्थ त्याने "नंतर खाईन" म्हणून बाजूला ठेवला. इतकं भान होतं त्याला. कार्टर 1976 मध्ये वस्त्यांच्या "वांशिक शुद्धतेबद्दल" बोलून बसले, मग सारवासारव. बायडन 2020 मध्ये म्हणाले, मी की ट्रम्प हे ठरवता येत नसेल तर तुम्ही काळेच नाही. हे कुठल्या खात्यात मांडणार?

---

अबोली_अटलांटा

त्यांच्याच खात्यात, अण्णा. रेक्टरबद्दल वाचून जेवण गेलं नाही.

---

सोलापुरी_चादर

एक मराठी दुवा द्यायचा राहिला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी काळ्यांची गुलामी संपवली म्हणून. बाबांना हे सांगा.

---

तिरफळ

आणि चार वर्षांनी, 1877 मध्ये, त्या भल्या लोकांनी सैन्य परत बोलावलं. पुण्यात ती बातमी कधी पोचली असेल?

---

पाऊलवाट

2008 बद्दल कोणीच बोलत नाहीये. मी तेव्हा आयोवात शिकत होतो. 3 जानेवारीची कडाक्याची थंडी. डेमोक्रॅटांचा उमेदवार ठरवायची सभा. मला मत नव्हतं, बघायला गेलो होतो. शाळेच्या जिममध्ये लोक चक्क आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत होते. गुप्त मतदान वगैरे काही नाही, शेजारी शेजाऱ्याला बघतोय. नव्वद टक्क्यांहून जास्त गोरं राज्य. माझा घरमालक, शेतकरी, साठीचा, ओबामांच्या कोपऱ्यात. त्या रात्री दक्षिण कॅरोलायनातल्या काळ्या मतदारांना पहिल्यांदा वाटलं म्हणतात की गोरे याला मतं देतील, तेव्हा आपणही द्यायला हरकत नाही. तोवर त्यांच्यातले बरेच जण हिलरींच्या बाजूने होते.

त्या काळात ब्रॅडली परिणामाची चर्चा फार. टॉम ब्रॅडली हा लॉस एंजेलिसचा काळा महापौर 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या चाचण्यांत पुढे होता आणि प्रत्यक्षात पडला. लोक चाचणीवाल्याला एक सांगतात आणि करतात दुसरंच. ओबामांच्या बाबतीत तसं झालं नाही. चाचण्या बऱ्यापैकी जुळल्या, 365 इलेक्टोरल मतं. पण एक्झिट पोलनुसार गोऱ्यांची मतं त्यांना 43 टक्केच. 1964 मध्ये जॉन्सनला मिळाली तशी गोऱ्यांची बहुसंख्य मतं त्यानंतर एकाही डेमोक्रॅटला मिळालेली नाहीत.

आणि तेच आयोवा 2016 मध्ये ट्रम्पकडे गेलं. माझा घरमालकही. मी फोनवर विचारलं, तर म्हणाला, रंगाचा काय संबंध, मी दोनदा त्या माणसाला मत दिलंय. मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

---

नाक्यावरचा_अण्णा

उत्तर सरळ आहे, त्याला दोन्ही वेळा बदल हवा होता. +1 घरमालकाला.

---

तिरफळ

ज्याला मत दिलं त्याने 2011 मध्ये काय धंदा चालवला होता? ओबामांचा जन्मदाखला दाखवा! बसलेल्या अध्यक्षाला 27 एप्रिल 2011 रोजी हवाईचा सविस्तर दाखला जाहीर करावा लागला. वॉलेसलासुद्धा हे सुचलं नसतं. त्यापेक्षा ओबामांचे 2008 चे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन परवडले. भर सभेत एक बाई म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी माइक काढून घेतला, "नाही बाईसाहेब, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत." (अरब माणूस सभ्य नसतो का, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहिलाच.)

---

ओसरी

2024 मध्ये ट्रम्प शिकागोत काळ्या पत्रकारांच्या व्यासपीठावर म्हणाले, कमला हॅरिस आधी भारतीय होत्या, मग अचानक काळ्या झाल्या. इकडच्या भजनी मंडळात दोन तट पडले. एक म्हणे, आई चेन्नईची, ती आपली. दुसरा म्हणे, ती स्वतःला काळी म्हणवते ना, मग आपली कशी? मी विचारलं, दोन्ही असायला काय अडचण आहे? कोणी बोललं नाही, चहा आला.

आणि एक अवांतर, अध्यक्षीय नाही म्हणून माफ करा. आमच्या तेराव्या मतदारसंघाचे खासदार श्री ठाणेदार, मूळचे बेळगावकर. 2022 मध्ये निवडून आले. मराठी मंडळात पेढे वाटले. पण पन्नासच्या दशकापासून डेट्रॉइटमधून काँग्रेसवर कायम एक तरी काळा प्रतिनिधी असे. त्या वेळी प्राथमिक फेरीत अनेक काळे उमेदवार उभे राहिले, मतं फुटली आणि ती साखळी तुटली. माझी काळी मैत्रीण, नर्स आहे, मला म्हणाली, तुझा माणूस निवडून आला, अभिनंदन. ते तिने ज्या आवाजात म्हटलं ते ऐकून पेढ्याचा डबा मी पर्समधून काढलाच नाही.

---

सोलापुरी_चादर

पण ओसरीताई, लोकशाहीत ज्याला मतं जास्त तो जिंकणार. यात ठाणेदारांचा काय दोष?

---

ओसरी

दोष कुठे म्हटलं मी? तिचा आवाज सांगितला.

---

नाक्यावरचा_अण्णा

एक आकडा सगळे टाळताय. 2024 च्या एक्झिट पोलमध्ये दर पाच काळ्या पुरुषांमागे एक ट्रम्पकडे. टेक्सासमधली स्टार काउंटी जवळजवळ पूर्ण लॅटिनो, शंभराहून जास्त वर्षांनी तिथे रिपब्लिकन जिंकला. म्हणजे अबोलीताईंच्या बाबांच्या वहीत अजून एक फेरफार चढायचाय.

---

अबोली_अटलांटा

चढेलही, अण्णा. बाकीच्या चार काळ्या पुरुषांचं आणि बायकांचं काय, तेही वहीत घ्या म्हणजे झालं.

ओसरीताईंचा एट माइलचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आपलं हे घर घेताना तुम्हाला कोणी काय सांगितलं?"

आम्ही फोर्सिथ काउंटीत राहतो. अटलांटाच्या उत्तरेला, उत्तम शाळा, गणपतीला चारशे माणसं जेवायला असतात. आम्हालाही तेच सांगितलं होतं, शाळा, सेफ. घर घेतल्यावर दोन वर्षांनी मला कळलं की 1912 मध्ये इथून एकूण एक काळं कुटुंब हाकलून दिलं होतं. एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, ती मेली, मग एकाला जमावाने लटकवलं, दोन कोवळ्या पोरांना खटला चालवून फाशी दिली आणि रात्री-अपरात्री स्वार घरं जाळत फिरले. जनगणनेत होती साधारण अकराशे माणसं. काही महिन्यांत जवळपास कोणी उरलं नाही. नंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं काउंटी गोरीच राहिली. 1987 च्या जानेवारीत मोर्चा काढला तर दगड पडले. पुढच्या आठवड्यात वीस हजार माणसं आली, तेव्हा कुठे तो पार पडला. हॉर्टनची जाहिरात त्याच्या पुढच्याच वर्षीची.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी निवडणुकीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. लिंकनही नाही, 1964 ही नाही.

"त्यांच्या जमिनी होत्या का?"

काहींच्या होत्या. कोणी मिळेल त्या भावाने विकल्या, कोणी तशाच टाकून गेले. टाकलेल्यांपैकी काहींचा कर पुढे शेजारच्या गोऱ्यांनी भरला आणि कालांतराने त्या त्यांच्याच होऊन बसल्या.

"म्हणजे सातबारा कोणाच्या तरी नावावर चढला असणार. कब्जेदार सदरी कोण आहे ते बघायला पाहिजे. आपला प्लॉट धरून."

खरेदीखतांची दप्तरं कमिंगच्या कोर्टात असतात. मी सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. बाबांनी चष्मा पुसून ठेवलाय आणि मला विचारतायत, तिथे नक्कल काढायला किती पैसे पडतात.

---

तिरफळ

सोमवारी रात्री इथे लिहा. वाट बघतोय.

---

ओसरी

बाबांना पाण्याची बाटली बरोबर दे. त्या कचेऱ्यांत वेळ लागतो.